जामीन, जामीनदार आणि परगावचा कामगार

मराठीच्या जुन्या कागदपत्रांत ‘जामीन’ हा शब्द बहुधा माणसासाठी येतो. अमुक इसम तमुकास जामीन राहिला, म्हणजे त्याच्या वतीने हमी घेऊन उभा राहिला. या जामिनाचे प्रकारही ठरलेले असत. माणूस बोलावल्या वेळी हजर होईल अशी हमी घेणारा तो ‘हाजीरजामीन’, आणि पैशाची किंवा मालाची भरपाई करून देण्याची हमी घेणारा तो ‘मालजामीन’. दोन्ही जबाबदाऱ्या भिन्न असल्यामुळे त्यांची नावेही भिन्न होती. आज फौजदारी न्यायालयाच्या आवारात हा भेद पुसला गेला आहे. खटल्याच्या तारखेस आरोपी हजर राहावा, त्याने पुराव्यात ढवळाढवळ करू नये, साक्षीदारांस धाक घालू नये, एवढ्यासाठीच जामिनाची सारी व्यवस्था आहे. म्हणजे न्यायालयास हवा असतो हाजीरजामीन. प्रत्यक्षात मागितला जातो तो मालजामीन. या अदलाबदलीत सर्वांत अधिक भरडला जातो तो परगावचा कामगार. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात तर निम्म्याहून अधिक वस्ती अशांचीच आहे की काय, असे वाटावे अशी स्थिती आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार येथे, याच भूमीवर उभे राहून, करणे उचित होईल.

हा पट्टा कसा घडला हे वाचकांस ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या शेतजमिनींवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराने सतरा लाखांचा आकडा ओलांडला. पुढे मोटारींचे कारखाने चाकणकडे सरकले. फोक्सवॅगन, महिंद्र, बजाज यांच्याबरोबर सुट्या भागांचे शेकडो लहानमोठे उद्योग आले. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत खोल्यांच्या चाळी उठल्या. त्या खोल्यांतून बीड, लातूर, नांदेड, यवतमाळचे तरुण राहतात आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचेही राहतात. त्यांपैकी पुष्कळांची नोकरी कंत्राटदारामार्फत, भाडेकरार तोंडी आणि शिधापत्रिका गावाकडे. येथे त्यांचे श्रम आहेत, घाम आहे, परंतु येथे त्यांचा सातबारा नाही.

अशा माणसावर एखादा आळ आला, तर काय होते ते पाहू. समजा, कारखान्यातून तांब्याची तार किंवा भंगार चोरीस गेले आणि संशयावरून एका कंत्राटी कामगारास अटक झाली. चाकणचा असेल तर त्यास खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या, न्यायालयापुढे नेले जाते. पिंपरीचा असेल तर पिंपरीच्या. पोलीस कोठडी संपल्यावर न्यायालयीन कोठडी, म्हणजे येरवडा. काही दिवसांनी वकील अर्ज करतो, सरकारी पक्षाचे म्हणणे ऐकले जाते आणि न्यायालय जामीन मंजूर करते: पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. आदेश वाचला तर न्याय झाला असेच कोणीही म्हणेल. परंतु पंधरवडा उलटला तरी कामगार येरवड्यातच असतो. कारण ऐपतदार जामीनदार म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे किंवा कायम नोकरीचे पगारपत्रक आहे असा गृहस्थ. आणि शक्यतो याच तालुक्यातला, फार तर याच जिल्ह्यातला. त्याच्या गावच्या भावाकडे दोन एकर जमीन असते. पण ती बीडला किंवा बलियाला असते.

मोतीरामचा खटला

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे प्रथम आला तो आजचा नव्हे. १९७८ सालची गोष्ट आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्यास अपील प्रलंबित असताना जामिनावर सोडावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अटींचा तपशील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोपवला. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. गवंड्याच्या भावाने हमी घेण्याची तयारी दाखवली, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, या कारणावरून ती नाकारली गेली. गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या वेळी दिलेला निर्णय प्रत्येक तालुका न्यायालयाच्या भिंतीवर लावावा असा आहे. जामिनावर सुटका याचा अर्थ जामीनदाराशिवाय, केवळ स्वतःच्या मुचलक्यावर सुटका असाही होऊ शकतो. आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातील आहे एवढ्याच कारणाने त्यास नाकारता येणार नाही, हे दोन मुद्दे त्यात निःसंदिग्धपणे मांडलेले आहेत. एका प्रांतातील माणूस दुसऱ्या प्रांतात पकडला गेला तर त्याने तेथला जामीनदार कोठून आणावा, आणि आपल्याच देशात तो परका ठरावा काय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. मोतीरामला अखेर एक हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्यात आले.

त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, २२ ऑगस्ट २०२४ रोजी, त्याच न्यायालयास गिरीश गांधी या खटल्यात जवळपास तोच धडा पुन्हा द्यावा लागला. निरनिराळ्या राज्यांतील तेरा गुन्ह्यांत त्या अर्जदारास जामीन मंजूर झालेला होता. तथापि प्रत्येक गुन्ह्यासाठी स्वतंत्र जामीनदार मिळेना, म्हणून तो तुरुंगातच होता. जामीनदार व्हायला सहसा जवळचा नातलग किंवा जुना स्नेहीच पुढे येतो आणि असे लोक कोणाच्याही आयुष्यात मोजकेच असतात, हे वास्तव न्यायालयाने मान्य केले. तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील, अशी सवलत त्यास दिली गेली. सेहेचाळीस वर्षांत एकाच गोष्टीवर दोनदा निर्णय द्यावा लागतो, याचा अर्थ पहिला निर्णय पुस्तकात राहिला, कचेरीपर्यंत पोचला नाही, असाच घ्यावा लागतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात ‘स्थानिक जामीनदार’ अशी अट कोठेही नाही. उलट मुचलक्याची रक्कम प्रकरणाची परिस्थिती लक्षात घेऊन ठरवावी आणि ती अवाजवी असू नये, असे जुन्या संहितेचे कलम ४४० सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८४ ही तेच सांगते. नव्या संहितेने तर ‘मुचलका’ म्हणजे जामीनदाराविना दिलेली हमी आणि ‘जामीनखत’ म्हणजे जामीनदारासह दिलेली हमी, अशा दोन निरनिराळ्या व्याख्याच केल्या आहेत. हाजीर आणि माल यांतला जुना विवेक कायद्याने अंशतः पुन्हा मान्य केला, असे म्हणता येईल. वहिवाट मात्र बदललेली नाही.

मीरतपासून खेडपर्यंत

जामीन आणि कामगार यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. १९२९ च्या मार्च महिन्यात मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभरातून कामगार पुढाऱ्यांस पकडण्यात आले. त्यांत श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर ही मुंबईच्या गिरणी चळवळीतली मराठी नावे होती. याच खटल्यातील जामीनअर्जांवर १९३१ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने जे निर्णय दिले, त्यांत के. एन. जोगळेकर यांच्या नावाचा निर्णय प्रसिद्ध आहे. जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद, तसेच जामीन देण्याच्या उच्च न्यायालयाच्या अधिकारास कायद्यात नसलेल्या मर्यादा घालू नयेत, ही सूत्रे त्या वेळी परक्या सत्तेच्या न्यायालयाने सरकारविरोधी कटाच्या आरोपींबाबत मांडली, हे विसरता येत नाही. पुढे ९ एप्रिल १९८० रोजी गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अटकपूर्व जामिनाचा विचार केला, तेव्हा सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी याच जुन्या निर्णयांचा आधार घेतला. विधिमंडळाने ज्या अटी घातल्या नाहीत त्या न्यायालयांनी आपल्या पदरच्या घालू नयेत, हे त्या निकालाचे सार आहे. चंद्रचूडांचे मूळ गाव कन्हेरसर, हे खेड तालुक्यातलेच. ज्या तालुक्याच्या सुपुत्राने हे तत्त्व देशास सांगितले, त्याच तालुक्याच्या न्यायालयात येणाऱ्या परगावच्या कामगारास ते लागू पडावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

जमाव आणि माणूस

प्रक्रियेतील न्याय्यता केवळ जामीनदाराच्या अटीपुरती नाही. जामीन द्यावा की न द्यावा या मूळ निर्णयातही ती लागते. निर्णय देणाऱ्याने आरोपीचे म्हणणे ऐकले का, त्याच्या स्वतःच्या कृतीचा विचार केला का, आणि कारणे लिहिली का, या तीन कसोट्या आहेत.

३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी चाकणला निघालेल्या आंदोलनास हिंसक वळण लागले. बसगाड्या पेटवल्या गेल्या, पोलीस जखमी झाले, पुढे हजारो अनोळखी व्यक्तींविरुद्ध गुन्हे नोंदवले गेले. औद्योगिक गावात अशी घटना घडली म्हणजे शिफ्ट सुटून घरी जाणारा, रस्त्यावर काय चालले आहे ते पाहणारा आणि दगड मारणारा, हे तिघेही एकाच छायाचित्रात येतात. गुन्हा जमावाचा असतो. कोठडी मात्र एकेका माणसास भोगावी लागते. म्हणून जमावाच्या प्रकरणात जामिनाचा अर्ज ठरवताना ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढे वाक्य पुरेसे नाही. या माणसाने काय केले असा आरोप आहे, आणि त्यास आत ठेवल्यावाचून तपास का अडतो, याचे उत्तर आदेशात दिसले पाहिजे.

या बाबतीत हरियाणातील मानेसरचे उदाहरण आपल्या पट्ट्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८ जुलै २०१२ रोजी मारुतीच्या कारखान्यात दंगल होऊन एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. घटना अत्यंत निंद्य होती. जवळजवळ दीडशे कामगार तुरुंगात गेले. मे २०१३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने त्यांतील काहींचा जामीन नाकारताना, कामगारांच्या अशांततेमुळे परदेशी गुंतवणूकदार भारतात येण्यास कचरतील, असा विचार नमूद केला. दोन वर्षांहून अधिक काळ अनेकजण आतच राहिले. मार्च २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा एकतीस जण दोषी ठरले आणि ११७ जण निर्दोष सुटले.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. गुंतवणुकीचे महत्त्व तो वर्गात रोज सांगतो. तरीही गुंतवणुकीचे वातावरण ही जामिनाच्या तराजूत घालण्याची वस्तू नव्हे, असे त्याचे स्पष्ट मत आहे. ११७ निर्दोष माणसांच्या वर्षांचा भार गुंतवणूकदाराच्या संभाव्य नाराजीने भरून निघत नाही. किंबहुना जेथे निर्दोष मनुष्य कारणाविना अडकत नाही अशी खात्री असते, तेथेच कामगार-मालक संबंध दीर्घकाळ नीट चालतात आणि तीच खरी गुंतवणुकीची हमी होय.

आदेशापासून दारापर्यंत

जामीन मंजूर होणे आणि माणूस दाराबाहेर येणे यांत एक लांब मजल असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खान यांच्या मुलास मुंबई उच्च न्यायालयाने २८ तारखेस जामीन दिला. दुसऱ्या दिवशी एक लाखाच्या जामिनासाठी एक नामवंत अभिनेत्री सही करण्यास आली. तरीही आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत कागद वेळेत न पोचल्यामुळे सुटका ३० तारखेस झाली. पुढे मे २०२२ मध्ये त्याच्याविरुद्ध आरोपपत्रच ठेवले गेले नाही. ज्याच्या मागे देशातले नामवंत वकील उभे होते त्यासही एक रात्र केवळ एका पेटीपायी काढावी लागली. ज्याच्या मागे कोणीच नाही, त्याच्या रात्री कोण मोजतो?

सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या मोजण्याचा प्रयत्न केला आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सात सूचना आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यांस ई-मेलने पाठवावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांस कळवावे. त्यांनी स्वयंसेवक अथवा वकील पाठवून अडचण समजून घ्यावी. महिनाभरात जामीनखत झाले नाही तर न्यायालयाने आपण होऊन अटींचा फेरविचार करावा. आणि सुटका लांबण्याचे एक कारण स्थानिक जामीनदाराची अट हे आहे, तेव्हा अशी अट न्यायालयांनी घालू नये, असेही त्यात सुचवलेले आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपी निर्धन आहे असे मानून त्यास मुचलक्यावर सोडावे, ही तरतूद कायद्यात २००५ पासूनच आहे. परंतु आपल्या उदाहरणातील चोरीसारखे गुन्हे सहसा अजामीनपात्र असतात आणि तेथे ही आठवड्याची तरतूद लागू पडत नाही. ती उणीव या सूचना भरून काढतात. त्या पाळल्या गेल्या तर.

एकाच मालाच्या दोन किमती

आता थोडे हिशेबाकडे वळू. पंधरा हजारांचा जामीन म्हणजे पंधरा हजार रुपये भरावयाचे, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. जामीनदाराने आरंभी काहीच द्यावयाचे नसते. आरोपी फरारी झाला तरच रक्कम वसूल होते. म्हणजे ज्याचा चुलता मोशीस किंवा चऱ्होलीस सातबारावाला आहे, त्यास सुटकेची किंमत जवळजवळ शून्य पडते. परगावच्या कामगारास मात्र गावाहून भावास बोलावणे, त्याचा प्रवास, तलाठी आणि तहसील कचेरीच्या खेपा, ऐपतीचा दाखला, तो नाकारला गेल्यास पुन्हा खेपा, एवढे सारे मोजावे लागते. त्याचा पगार महिना पंधरा हजार धरला तर वीस दिवसांच्या कोठडीत दहा हजारांची मजुरी बुडते. कंत्राटदार तोवर दुसरा माणूस घेतो. खोलीचे भाडे थकते. मुलाची शाळा सुटते. आदेश दोघांस एकच, किंमत मात्र दोन. बाजारात एकाच मालास दोन गिऱ्हाइकांकडून दोन भाव घेतले तर आपण त्यास लबाडी म्हणतो.

आणि जेथे गरज निकडीची असते पण सरळ मार्गाने वस्तू मिळत नाही, तेथे काळा बाजार उभा राहतो, हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा आहे. पुणे जिल्ह्यातील न्यायालयांत बनावट सातबारा, बनावट आधारपत्र आणि बनावट शिधापत्रिका दाखवून जामीनदार म्हणून उभे राहणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. अशा टोळ्यांस शिक्षा झालीच पाहिजे. परंतु शिधावाटपाच्या काळातील काळ्या बाजाराप्रमाणेच हा बाजारही केवळ अटकांनी बंद होणार नाही. तो ज्या अटीमुळे उत्पन्न झाला ती अट ढिली करणे हाच त्यावरचा खरा उपाय होय. आजची स्थिती अशी विपरीत आहे की ज्यापासून न्यायालयास खरा धोका, तो पैसे मोजून बनावट जामीनदार आणतो व सुटतो. प्रामाणिक गरीब आत राहतो. अशा वेळी कित्येक गरीब आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होणे पसंत करतात, कारण लहान गुन्ह्याची शिक्षा कोठडीच्या काळातच भोगून झालेली असते. ही कबुली पश्चात्तापाची नव्हे. ती हिशेबाची असते. आयुष्यभराचा डाग मात्र मागे राहतो.

या साऱ्याची बेरीज देशाच्या आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरात सुमारे शहात्तर. हे सर्व जामीनदाराअभावी अडकले असे नव्हे. परंतु येरवड्याचा तुरुंग वर्षानुवर्षे आपल्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक भरलेला राहतो, त्यात या कारणाचाही वाटा आहे. विधी आयोगाने मे २०१७ च्या आपल्या २६८ व्या अहवालात, श्रीमंतांस व वजनदारांस जामीन लवकर मिळतो आणि सामान्य माणूस तुरुंगात खितपत पडतो, अशी खंत व्यक्त केलीच आहे.

आक्षेपांचा विचार

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि ते हलके लेखू नयेत. पहिला असा की, परप्रांतीय आरोपी एकदा सुटला की गावी जातो आणि मग त्यास शोधत पोलिसांस राज्याराज्यांत फिरावे लागते. दरम्यान ज्याच्या घरी चोरी झाली किंवा ज्याचा माणूस मारला गेला, त्यास न्याय कधी मिळावा? ही अडचण खरी आहे. परंतु पळण्याची भीती आहे की नाही हे माणसाच्या बंधांवरून ठरवावे, त्याच्या जमिनीवरून नव्हे. न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली व्हेरा फाउंडेशनने हा प्रयोग केला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आरोपींस भेटून त्यांची नोकरी, कुटुंब, राहण्याचा काळ यांची माहिती पडताळली आणि ती न्यायाधीशांपुढे ठेवली. अशा माहितीच्या आधारे पैशांच्या हमीवाचून सोडलेल्यांपैकी फारच थोडे गैरहजर राहिले. त्यातूनच अमेरिकेत १९६६ चा जामीन सुधारणेचा कायदा झाला. आणि आपल्याकडे १९७९ च्या हुसैनआरा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी समाजातील बंधांची हीच कसोटी सांगितली. चाकणच्या कामगाराचे बंध तपासणे तर आज अधिक सोपे आहे. त्याचा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे, राज्य विमा योजनेचे कार्ड आहे, बँकेचे खाते आहे, कारखान्याच्या फाटकावर त्याच्या बोटाचा ठसा रोज उमटतो. फाटक त्यास ओळखते. न्यायालयाने तेवढी ओळख करून घेण्याची तसदी घ्यावी. पोलीस ठाण्यात आठवड्यास हजेरी, पत्ता बदलल्यास कळवणे, अशा अटी घालता येतातच.

दुसरा आक्षेप लोकभावनेचा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलास बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी, तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर, सोडले. जनक्षोभ उसळला आणि तो समजण्याजोगा होता. तीन दिवसांत त्या मुलास निरीक्षणगृहात पाठवण्यात आले. पुढे २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही कोठडी बेकायदा ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. कारण जामीन रद्द न करताच त्यास अडकवून ठेवण्यात आले होते. या प्रकरणात दोन वेळा समाजाचे समाधान झाले नाही, आणि दोन्ही वेळा मूळ दोष एकच होता. आधी घाई झाली, मग दडपण आले. प्रक्रिया दोन्ही वेळा मागे राहिली. श्रीमंताच्या मुलास एका दिवसात जामीन मिळाला म्हणून आपण संतापलो. गरिबाच्या मुलास जामीन मिळूनही महिनाभर सुटका नाही, याचा संताप कोणास येत नाही. दोघांसही नियमाने, कारणे देऊन आणि सारख्या मापाने वागवावे, हीच मागणी खरी आहे. श्रीमंताचे दार बंद करून गरिबाचे उघडत नाही.

करता येण्याजोगे

उपायांसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जामीनदाराची अट घालताना ती का आवश्यक आहे, हे दंडाधिकाऱ्यांनी एका वाक्यात लिहावे. परजिल्ह्यातील नातलगाची हमी तेथील तहसील कचेरीकडून पडताळून घेण्याची सोय संगणकामुळे झालेलीच आहे, ती वापरावी. सात दिवसांत न सुटलेल्यांची यादी येरवड्याहून दर आठवड्यास विधी सेवा प्राधिकरणाकडे जावी. केंद्र शासनाने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी योजना आणली असून तिच्याखाली कच्च्या कैद्यास जामिनासाठी आर्थिक साहाय्य देता येते. तिचे नाव तुरुंगातील प्रत्येक बराकीत माहीत असावे. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्यास जामीनदाराविना, मुचलक्यावर सोडावयाचे असते. देहान्त किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यांतून वगळलेले आहेत. ही सवलत जुन्या खटल्यांसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. तथापि एक तृतीयांश शिक्षा भोगून झाल्यावर मिळणारे स्वातंत्र्य हा शेवटचा आधार आहे, पहिला नव्हे.

पुण्यात विधी महाविद्यालयांची वाण नाही. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांनी साठ वर्षांपूर्वी जे काम केले ते आपले विद्यार्थी पिंपरी आणि खेडच्या न्यायालयांत करू शकतील. कामगार संघटनांनीही वेतनकराराइतकेच याकडे लक्ष द्यावे. कायम कामगारांच्या संघटनेने कंत्राटी कामगारास हजेरीची हमी दिली, तर तिला न्यायालयातही वजन येईल.

राहता राहिले आपण. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तिच्यामुळे आपण अनेक कटकटी टाळल्या, पण त्या पायऱ्यांवर काय चालते हेही पाहिले नाही. शिक्षक, कारकून, बँकेतील नोकर यांच्या पगारपत्रकास जामीनदार म्हणून न्यायालयात मान असतो. आपल्या धुण्याभांड्याच्या बाईचा मुलगा किंवा कचेरीतील कंत्राटी शिपाई अडचणीत आला की तो आपल्याच दाराशी येतो. त्या वेळी माणूस विश्वासाचा असेल तर सही करण्याचे धैर्य आपण दाखवावे. तो परत येईल की नाही हे तलाठ्याच्या दाखल्यापेक्षा आपणास अधिक चांगले माहीत असते. परंतु कोणाच्या तरी सहीच्या भल्या-बुऱ्या इच्छेवर माणसाचे स्वातंत्र्य टांगून ठेवणारी वहिवाट बदलणे, हे न्यायालयांचे काम आहे आणि त्यासाठी लागणारा कायदा त्यांच्या हाती आहे. माणूस हजर राहील काय, एवढाच प्रश्न विचारावा. त्याच्याजवळ माल किती आहे, हा प्रश्न दिवाणी दाव्यासाठी ठेवावा.